गोसाबात माणसं किती? एका भागाकाराची गोष्ट

मागच्या वर्षी एका प्रेझेंटेशनमध्ये मी एक स्लाइड टाकली होती. पश्चिम बंगालमधला दक्षिण २४ परगणा जिल्हा, २०११ ची लोकसंख्या ८१,६१,९६१, क्षेत्रफळ ९,९६० चौ. किमी, म्हणून घनता ८१९. मी एम.एस्सी. झालेली मुलगी, भागाकार बरोबर आला की माझ्या दृष्टीने विषय संपतो. गाईड सरांनी एवढंच विचारलं, "यातलं जंगल वजा केलंस का?"

नव्हतं केलं. भारताच्या बाजूचं सुंदरबनचं राखीव जंगल सुमारे ४,२०० चौ. किमी आहे आणि ते जवळपास सगळं याच जिल्ह्यात येतं. तिथे गाव नाही, शेत नाही. तेवढं वजा करा, घनता १,४०० च्या आसपास जाते. ती स्लाइड मी त्याच संध्याकाळी उडवली, पण प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून आज त्या जिल्ह्यातल्या एकाच ब्लॉकबद्दल लिहितेय. तुमच्यापैकी बरेच जण लवकरच जनगणनेचे तक्ते उघडून बसणार आहात, तेव्हा उपयोग होईल.

ब्लॉकचं नाव गोसाबा. (बंगालमध्ये तालुका नसतो. आपल्याकडची पंचायत समिती डोळ्यासमोर आणा, साधारण तसंच.) कोलकात्याहून कॅनिंगपर्यंत लोकल, पुढे रस्त्याने गोदखाली आणि मग होडी. सगळा ब्लॉक बेटांचा आहे, चौदा ग्रामपंचायती, आणि त्यापलीकडे वाघांचं जंगल. २०११ ला लोकसंख्या २,४६,५९८, सगळी ग्रामीण. क्षेत्रफळ २९६.७३ चौ. किमी. घनता ८३१.

आता गंमत बघा. माझा चुकीचा आकडा ८१९ आणि गोसाबाचा ८३१. दोन्ही शेजारी ठेवले असते तर मी बिनधास्त लिहिलं असतं की गोसाबा जिल्ह्याच्या सरासरीइतकंच दाट आहे. खरं तर जिल्ह्याच्या वस्तीच्या भागापेक्षा ते बरंच विरळ आहे. चुकीचा आकडा विचित्र दिसला तर निदान पकडला तरी जातो. हा अगदी शहाण्यासारखा दिसत होता.

विरळ का, हे कळायला मागे जावं लागतं. १८२८ मध्ये कंपनी सरकारने सुंदरबनचं जंगल सरकारी मालकीचं ठरवलं. पाठोपाठ डॅम्पियर आणि हॉजेस या दोघांनी त्या जंगलाची उत्तर सीमा आखली. सुंदरबन कुठे सुरू होतं हे सांगताना आजही त्यांचीच रेषा वापरतात, जंगल तिथून केव्हाच दक्षिणेला सरकलं असलं तरी. म्हणजे क्रम लक्षात घ्या: आधी रेषा, मग भाडेपट्टे, मग माणसं. जंगल तोडून भात पिकवायला जमीन पट्ट्याने दिली जायची आणि वस्ती उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत गेली. गोसाबा तिच्या अगदी शेवटच्या टोकाला.

इथे १९०३ मध्ये डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश व्यापाऱ्याने सुमारे नऊ हजार एकर जमीन घेतली. गडी हौशी होता. सावकाराला बाहेर ठेवून सहकारी पतपेढी, सहकारी भातविक्री, भातगिरणी असं सगळं उभं केलं. १९३६ मध्ये इस्टेटीपुरती स्वतःची एक रुपयाची नोटसुद्धा काढली. त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहायला हवी. लोकसंख्येच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की मेदिनीपूर, खुलना आणि छोटा नागपूरकडून माणसं इथे येऊन राहिली. इथली जुनी घराणीही फार तर शंभर-सव्वाशे वर्षांची.

आणि जमीन? कोकणातल्या वाचकांना खारबंधारा सांगायला नको. इथेही तेच: मातीचा बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं आणि आत भात लावायचा. पण डेल्टातली जमीन गाळ बसत बसत उंच होते. बांध लवकर घातल्यामुळे गाळ आत येणं थांबलं आणि शेतं भरतीच्या पातळीखालीच राहिली. भारतीय सुंदरबनात असे बांध सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहेत. २५ मे २००९ ला आयला वादळात ते ठिकठिकाणी फुटले, खारं पाणी शेतात शिरलं आणि त्या जमिनी पुढे काही काळ पिकल्या नाहीत.

आता वाढीचा दर पाहा. २००१ ते २०११ मध्ये जिल्हा १८ टक्क्यांनी वाढला, गोसाबा साधारण ११ टक्क्यांनी. "आयलामुळे स्थलांतर" असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो ना? मलाही झाला. पण जनगणनेची पद्धत आठवा. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या पूर्ण काळात जो माणूस घरी नव्हता, त्याची नोंद गावात होत नाही. तो असेल तिथे होते. गोसाबात मुख्य पीक पावसाळी भाताचं. ते डिसेंबरपर्यंत घरात येतं आणि मग मजूर कामाला बाहेर पडतो, कोलकात्याला किंवा पार केरळ-तमिळनाडूपर्यंत. म्हणजे गाव रिकामं असतं नेमक्या त्या महिन्यात आपण माणसं मोजतो.

बरं, २००१ ची मोजणीही फेब्रुवारीतलीच, त्यामुळे तुलना अगदीच बाद होत नाही. पण त्या ११ टक्क्यांत आयलाचा वाटा किती, आधीपासूनच्या स्थलांतराचा किती, कमी झालेल्या जन्मांचा किती, हे तो एकटा आकडा सांगू शकत नाही. त्याहून मागे जायचं तर आणखी एक अडचण: जुन्या जनगणनांमध्ये आकडे थान्यानुसार मिळतात, ब्लॉकनुसार नाही. थाना म्हणजे पोलीस ठाण्याची हद्द, आणि नाव तेच असलं तरी हद्द तीच असेल असं नाही. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही.

सध्या माझ्या एक्सेलमध्ये दोन जादा कॉलम आहेत: "हद्द कोणती" आणि "मोजणीचा महिना". पहिला सरांना आवडला. दुसऱ्यावर ते अजून काही बोललेले नाहीत.