आमच्या माळावरची बंद खदान आणि खालच्या विहिरी



आज पिकाचं लिहीत नाही. आमच्या माळावर एक बंद पडलेली दगडाची खदान आहे. तिच्यात कचरा टाकू द्यायचा का, हा विषय येत्या ग्रामसभेत आहे. खड्डा फुकटात भरून निघेल, वर पंचायतीला भाडं मिळेल, असं काही जण म्हणतात. माझी विहीर खदानीच्या खालच्या अंगाला दीडशे पावलांवर आहे, म्हणून बोलणं भाग आहे. पण आधी ही खदान आली कुठून, ते सांगतो.

दगड फोडणं आपल्या नगर जिल्ह्याला नवीन नाही. निजामशाहीतला भुईकोट किल्ला दगडाचा. इंग्रजांच्या काळात १९१० ला सुरू होऊन १९२६ ला पुरं झालेलं भंडारदरा धरण, तेही दगडी बांधकामाचं. पण तेव्हा पहार, घण आणि छिन्नी चालायची. वडार, पाथरवट मंडळींच्या मनगटावर काम होतं. हाताने माणूस किती खोल जाणार? गावोगावचे जुने खड्डे उथळ होते, पावसाळ्यात गुरं पाणी प्यायची.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी दोन वर्षांचा होतो. आई मला झाडाखाली झोळीत टाकून खडी फोडायला जायची. ढीग मोजून मजुरी, सोबत सुकडी. घरात लाल मिलोची भाकरी. महाराष्ट्रभर लाखो माणसं अशी कामावर होती. त्यातूनच पुढं १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. त्या खडीवर रस्ते झाले, म्हणून खडीला मी नावं ठेवणार नाही. तिच्यावर आमचं घर जगलंय.

पुढं हातातली खडी क्रशरमध्ये गेली. बोअर मारून सुरुंग, मग पोकलेन. आमची खदान १९९० च्या सुमारास रस्त्याच्या कामासाठी उघडली. दहाएक वर्षांत साठ फूट खाली गेली. शेजारच्या डाळिंबाच्या पानांवर पांढुरकी धूळ बसायची, पानाला ऊन लागायचं नाही. क्रशरवरची माणसं खोकायची, ते वेगळंच. शेवटी तळाला पाणी लागलं, उपसा परवडेना, मशीन गेली. कुंपण नाही, भराव नाही.

सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१२ मध्ये सांगितलं की पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरणाची परवानगी लागेल. २०१३ ला राज्याचे गौण खनिजाचे नवे नियम आले. तोवर आमची खदान बंद पडून दहा वर्षं उलटली होती.

आता पाण्याचं गणित बघा. आपला काळा पाषाण लाव्ह्याच्या थरांचा. अखंड थरातून पाणी जात नाही. ते धावतं मुरमातून, भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यातून. आपल्या विहिरींचे झरे तिथलेच. खदानीने वरची माती आणि मुरूम काढून टाकला, म्हणजे पाणी गाळणारी चाळणीच काढली. आता खड्ड्यात पडेल ते भेगेतून सरळ विहिरीच्या झऱ्याला.

सगळ्या खाणी सारख्या नसतात, हेही सांगतो. कोळशाच्या खाणीत गंधकाचं खनिज असतं, त्याला हवा-पाणी लागलं की पाणी आंबट होतं आणि धातू विरघळवतं. गोव्यात डिचोली, सत्तरी भागात लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांची तांबडी माती पावसात भातखाचरांत उतरली. शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ ला तिथल्या खाणी थांबल्या, २०१८ ला कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. पण खाण थांबली म्हणून खाचरातला गाळ आपोआप निघत नाही. आपल्या काळ्या दगडात तसं विष नाही. आपल्याकडे विष माणूस आणून टाकतो.

आणि त्यात मीही आहे. औषधाच्या रिकाम्या बाटल्या मी कित्येक वर्षं त्याच खदानीत फेकल्या. कुणी मेलेल्या कोंबड्या टाकल्या. मग रात्री बाहेरून टेम्पो यायला लागले. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर माझ्या विहिरीच्या पाण्याला वास आला. तपासलं, तर नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा तेवढीच आहे. शेतातलं युरिया-शेणखतही त्याला कारण असेल, सगळं खदानीवर ढकलत नाही. पण वरच्या अंगाच्या विहिरीत ते कमी निघालं.

नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू त्याने कमी होतो, बाळ निळं पडतं. तेव्हा सून बाळंतपणाला आली होती. दोन महिने जारचं पाणी आणलं.

ग्रामसभेत मी एवढंच मांडणार आहे. एक, कचरा नाही, भाडं कितीही मिळो. दोन, आधीचा कचरा उपसून बाहेर, आणि पोरं-गुरं पडू नयेत म्हणून कुंपण. तीन, खालच्या अंगाच्या सगळ्या विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासायचं, वरच्या अंगाची एक विहीर तुलनेला धरायची. चार, भराव घालायचाच तर माती-मुरमाचा.

स्वच्छ राहिली तर हीच खदान पावसाचं पाणी धरून खालच्या दहा विहिरींना झरे देईल. माझ्या बाटल्या मी मागच्या रविवारी काढायला सुरुवात केलीय. दोन गोण्या भरल्या, अजून बऱ्याच आहेत.

तुमच्या गावात अशी खदान असेल तर ती कुणाच्या विहिरीच्या वर आहे, ते आधी बघा.