निवटीची ओळख व घरगुती मत्स्यपेटीतील संगोपन : एका नावाचा इतिहास

प्रस्तावना :

कोकण किनाऱ्यावरील खाड्यांत ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलावर उड्या मारीत फिरणारा, डोक्यावर उंच डोळे असलेला लहान मासा 'निवटी' या नावाने परिचित आहे. कोळी समाजाच्या आहारात त्यास स्थान आहे, तसेच पाण्याबाहेर दीर्घकाळ वावरणारा मासा म्हणून प्राणिशास्त्राच्या अध्यापनातही त्याचा उल्लेख येतो. इंग्रजीतील 'मडस्किपर' हे नाव मात्र एकाच जातीचे नाही. पेरिऑफ्थॅल्मस, पेरिऑफ्थॅल्मोडॉन, बोलिऑफ्थॅल्मस व स्कार्टेलाओस या चार प्रमुख प्रजातींतील अनेक जातींना ते सरसकट लावले जाते.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने खाडीतून आणलेल्या तीन निवट्या घरी निमखाऱ्या पाण्यात ठेवल्या होत्या. पाणी, ऊब व कोरडी जागा यांची व्यवस्था हाताशी असलेल्या पुस्तकाप्रमाणे केली होती. आहार म्हणून गांडुळांचे तुकडे दिले जात. निवट्यांनी त्यांस तोंड लावले नाही आणि महिन्याभरात तिन्ही दगावल्या. पुस्तकात वर्णन होते पेरिऑफ्थॅल्मसचे आणि पेटीत होती बोलिऑफ्थॅल्मस. ही चूक एकट्या लेखकाची असली तरी तिची मुळे या माशांच्या नामकरणाच्या इतिहासात आहेत. त्या इतिहासाचा व संगोपनाशी असलेल्या त्याच्या संबंधाचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नामकरणाचा आरंभ :

लिनियस यांनी १७५८ मध्ये चीनमधील एका जातीस 'गोबियस पेक्टिनिरोस्ट्रिस' हे नाव दिले. आज ती बोलिऑफ्थॅल्मस प्रजातीत गणली जाते. १७६६ मध्ये त्यांनीच 'गोबियस बार्बारस' हे नाव योजिले. पुढे १७७० मध्ये पल्लास यांनी 'कोलर्युटेरी' व 'श्लोसेरी' ही दोन नावे दिली. १८०१ मध्ये ब्लॉख व श्नायडर यांच्या ग्रंथात पेरिऑफ्थॅल्मस ही स्वतंत्र प्रजाती अवतरली. भारतातील माशांची नोंद हॅमिल्टन यांच्या गंगेतील माशांवरील ग्रंथात (१८२२) येते. पश्चिम किनाऱ्यावरील बोलिऑफ्थॅल्मस ड्युसुमिएरी या जातीचे वर्णन व्हॅलेंसिएन यांनी १८३७ मध्ये केले. तिचे नाव ड्युसुमिए या फ्रेंच व्यापारी प्रवाशाच्या सन्मानार्थ आहे.

हॅमिल्टन यांच्यासारखे अपवाद वगळता हे अभ्यासक मद्यार्कात जतन केलेल्या नमुन्यांवर विसंबून होते. मद्यार्कात रंग उडतो आणि मासा काय खातो, कोठे राहतो, हे तर मुळीच कळत नाही. त्यामुळे परस्परांशी साम्य असलेले नमुने एकाच नावाखाली जमा होत गेले.

एका नावाचा प्रवास :

याचे ठळक उदाहरण म्हणजे 'पेरिऑफ्थॅल्मस कोलर्युटेरी'. फ्रान्सिस डे यांनी 'द फिशेस ऑफ इंडिया' (१८७५–७८) या प्रमाणभूत ग्रंथात भारतीय पेरिऑफ्थॅल्मस याच नावाने नोंदविला. त्या ग्रंथाच्या अधिकारामुळे हे नाव भारतात दीर्घकाळ टिकून राहिले. एका जुन्या महाविद्यालयीन संग्रहातील बरणीवर ते आजही वाचावयास मिळते.

१९८९ मध्ये एडवर्ड मर्डी यांनी या संपूर्ण गटाची पुनर्मांडणी प्रसिद्ध केली. तदनुसार 'कोलर्युटेरी' हे 'बार्बारस'चेच दुसरे नाव ठरते, आणि बार्बारस ही जाती पश्चिम आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील आहे. म्हणजेच भारतीय मासा शतकभर आफ्रिकेतील माशाचे नाव वागवीत होता. मत्स्यपालनाच्या पुस्तकांतील सूचना बहुधा पेरिऑफ्थॅल्मसला अनुलक्षून असतात. 'मडस्किपर' या एका शब्दाच्या आधारे त्या कोणत्याही निवटीस लागू केल्या की घोटाळा होतो.

जिवंत माशाचा अभ्यास :

१८८९ मध्ये हॅडन यांनी पेरिऑफ्थॅल्मस शेपटीद्वारे श्वसन करतो काय, या प्रश्नाकडे लक्ष वेधले. १९६१ मध्ये स्टेबिन्स व काल्क यांनी मोझांबिकच्या इन्हाका बेटावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९७० च्या सुमारास मुत्सद्दी व बाळ यांनी मुंबई परिसरातील बोलिऑफ्थॅल्मस ड्युसुमिएरीच्या सवयी व प्रजनन यांचा अभ्यास मांडला. १९९८ मध्ये इशिमात्सू व सहकाऱ्यांनी पेरिऑफ्थॅल्मोडॉन श्लोसेरी हा मासा आपल्या बिळात हवा साठवितो, हे दाखविले. २०१५ मध्ये बार्बारस हा मासा तोंडातील पाण्याचा जिभेसारखा उपयोग करून जमिनीवरील भक्ष्य गिळतो, असे सिद्ध झाले. पाळणाऱ्यास आवश्यक असलेले ज्ञान प्रामुख्याने अशा निरीक्षणांतून आले आहे.

ओळख व संगोपन :

प्रजाती ओळखण्यासाठी दात हे महत्त्वाचे साधन होय. पेरिऑफ्थॅल्मसच्या वरच्या जबड्यात दातांची एक ओळ असते, तर पेरिऑफ्थॅल्मोडॉनमध्ये दोन. बोलिऑफ्थॅल्मसच्या खालच्या जबड्यातील दात जवळजवळ आडवे असतात. स्कार्टेलाओसचे शरीर सडपातळ असून हनुवटीखाली बारीक मिशा असतात.

दातांचा हा फरक आहाराशी निगडित आहे. पेरिऑफ्थॅल्मस कीटक, किडे व लहान खेकडे खातो. गांडूळ किंवा कोळंबीचे तुकडेही तो सहज स्वीकारतो. बोलिऑफ्थॅल्मस डोके डावी-उजवीकडे हलवीत ओल्या चिखलावरील डायाटमचा थर खरवडतो. भरपूर प्रकाशात असा थर सतत वाढता ठेवणे लहान पेटीत दुष्कर असल्याने ही प्रजाती घरगुती संगोपनास अनुकूल नाही.

पेरिऑफ्थॅल्मससाठी उंचीपेक्षा लांबी-रुंदी अधिक असलेली पेटी घ्यावी. एका बाजूस उथळ पाणी व दुसऱ्या बाजूस उतरता वाळूचा भाग ठेवावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवून त्यात सागरी मीठ मिसळावे. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व साधारणतः १.००५ ते १.०१५ व तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे. हा मासा ओल्या त्वचेतूनही श्वसन करतो. त्यामुळे वरची हवा उबदार व दमट राहील असे घट्ट झाकण आवश्यक आहे. झाकणामुळे तो उडी मारून बाहेरही पडत नाही. नर आपल्या हद्दीसाठी भांडतात, म्हणून लहान पेटीत दाटी करू नये.

निष्कर्ष :

१) निवटीच्या वर्गीकरणातील गोंधळ मुख्यतः मृत नमुन्यांवरील अवलंबनातून निर्माण झाला.

२) 'कोलर्युटेरी' या नावाचा इतिहास असे दर्शवितो की, प्रमाणभूत ग्रंथातील नोंदही कालांतराने तपासून घ्यावी लागते. महाविद्यालयीन संग्रहांतील जुन्या चिठ्ठ्यांची अशी फेरतपासणी विभागांना सहज हाती घेता येईल.

३) संगोपनात ओळख ही पहिली पायरी होय. प्रजाती निश्चित होत नसेल, तर निवटी खाडीतून घरी न आणणे हेच उचित. ओहोटीच्या वेळी खाडीकाठी उभे राहिल्यास तिचे आहारवर्तन तेथेच पाहता येते, आणि लेखकाच्या पेटीत जे कळले नाही ते तेथे अर्ध्या तासात कळते.