रोलमध्ये न मावलेला मावळ

फिल्मचे कॅमेरे पुन्हा कपाटातून बाहेर निघू लागले आहेत. लोहगडावर किंवा भाज्याच्या लेण्यांत एखादा तरुण वडिलांच्या काळातला याशिका गळ्यात अडकवून फिरताना दिसला, तर आता त्याचे कुणाला नवल वाटत नाही. रोजच्या फोटोंसाठी रोल बरा की डिजिटल, हा निकालात निघालेला प्रश्न त्यामुळे नव्याने विचारला जातो. उत्तर देणारे बहुधा रंग, तपशील आणि खर्च यांचा हिशेब मांडतात. माझ्या मते आधी वेगळा हिशेब करायला हवा: कोणत्या साधनामुळे कोणाचा फोटो निघाला, आणि तो घरात किती वर्षे राहिला? मावळात हा हिशेब चांगला करता येतो, कारण चित्र टिपण्याचा इथला इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याच्या प्रती काढण्याचा सव्वाशे वर्षांचा.

भोर घाटातल्या रेल्वेचे काम 1856 मध्ये सुरू झाले आणि 1863 मध्ये गाडी घाट चढून वर आली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. पुढचे काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी पार पाडून घेतले, आणि त्या कामाची छायाचित्रेही काढली. त्या काळी ओल्या काचेची रीत होती. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. घाटातल्या उन्हात आणि वाऱ्यात हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. इतकी यातायात करून काढलेला फोटो साहजिकच पुलाचा, बोगद्याचा किंवा भरावाचा असे. 1861 च्या सुरुवातीला या घाटात सुमारे 42,000 मजूर राबत होते. त्यांतले हजारो पटकी, ताप आणि अपघातांत मेले. दगड फोडणाऱ्या एखाद्या माणसाचे नाव आणि चेहरा एकत्र सापडावेत, अशी सोय त्या तंत्रातही नव्हती आणि ते वापरणाऱ्यांच्या मनातही नव्हती.

या कथेतला खरा बदल मात्र कॅमेऱ्याने घडवला नाही, तो छापखान्याने घडवला. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना मुंबईत 1894 मध्ये सुरू झाला आणि 1899 मध्ये कार्ल्याच्या लेण्यांखाली मळवलीला आला. पुढे तो त्यांचे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, प्रत्येक दगडाचा वेगळा छाप, आणि सगळे छाप नेमके एकावर एक बसले तरच लक्ष्मीचा चेहरा उमटणार, असे हे काम होते. संस्थानिकांच्या दिवाणखान्यात टांगलेले तैलचित्र मळवलीच्या छापातून शेतकऱ्याच्या देवघरात पोचले. मूळ चित्राच्या मानाने छापाचे रंग ढोबळ होते, जाणकारांनी नाकेही मुरडली. पण भिंतीवर राहिला तो छापच. याच परिसरात, लोणावळ्यात, दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाईचा आणि ठसे बनवण्याचा कारखाना काढला होता आणि रविवर्मा प्रेसची कामेही केली होती. भारतीय चित्रपटाचा जनक आधी प्रती काढण्याची विद्या शिकला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. चित्र सामान्यांचे होते ते त्याची प्रत त्यांच्या घरी पोचते तेव्हा.

रोलच्या काळाकडे या नजरेने पाहावे. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक-थ्री मध्यमवर्गीयांच्या हाती आला तेव्हा एका रोलमध्ये बारा फोटो निघत. उटकमंडच्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म होती, पुढे रंगीत रोल आले, छत्तीस फोटोंचा याशिका आला. तरीही रोल, धुलाई आणि पोस्टकार्ड साइजच्या प्रिंट मिळून जो खर्च होई, तो भातशेतीवर जगणाऱ्या घराला परवडणारा नव्हता. लोणावळ्याला सहलीला आलेल्या मुंबईकरांच्या अल्बममध्ये राजमाची पॉइंट आणि भुशी धरण भरपूर आहे. त्याच काळात पवना धरणासाठी मावळातली गावे उठली. उठलेल्या किती घरांकडे आपल्या ओसरीचा, गोठ्याचा, गावच्या देवळाचा एक तरी फोटो असेल? पुढे 9 ऑगस्ट 2011 रोजी, याच पवनेच्या पाण्याची जलवाहिनी होऊ नये म्हणून बऊरला द्रुतगती मार्गावर लोक उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले, तेव्हा ती दृश्ये त्याच दिवशी महाराष्ट्रभर दिसली. दोन पिढ्यांत झालेला हा फरक सुबत्तेचा आहेच. चित्र स्वस्त झाल्याचाही आहे. आज भातलावणी करणाऱ्या बाईचा फोटो तिची मुलगीच बांधावरून काढते.

फिल्मप्रेमींचे आक्षेप मी हलके मानत नाही. छत्तीसच फोटो असले की माणूस थांबतो, पाहतो, मग बटण दाबतो, असे ते सांगतात. हे खरे आहे, आणि छायाचित्रण शिकणाऱ्याने वर्षभर रोलवर काम केले तर त्याचा फायदाच होईल. पण रोजच्या फोटोंत या काटकसरीचा अर्थ दुसराच निघतो. रोल पुरवायचा म्हटले की आधी गळते ते रोजचेच: स्वयंपाकघर, शाळेची वाट, आजारी आजी. दुसरा मुद्दा दिसण्याचा. पावसाळी धुके आणि पांढराशुभ्र धबधबा एका चौकटीत आला, तर डिजिटल फोटोत पांढऱ्यातला तपशील पटकन उडतो. निगेटिव्ह तो बऱ्याच अंशी सांभाळते. हा गुण मान्य करून फिल्म हौसेसाठी जरूर वापरावी. टिकाऊपणाचा दावा मात्र या प्रदेशात तरी तपासून घ्यावा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दमटपणात लेन्सला आणि निगेटिव्हला बुरशी धरते, प्रिंट एकमेकींना चिकटतात. ऐंशीच्या दशकातले कितीतरी रंगीत फोटो तांबूस-पिवळे पडले आहेत. सेल्फीच्या नादात कड्यावर आणि धबधब्यात जीव जातात, त्यासाठी प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात, हेही सांगितले जाते. हे दुःख मोठे आहे; पण त्यावरचा उपाय कठडे, पहारा आणि सावधपणा हाच आहे, रोल महाग असणे हा नव्हे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. डिजिटल फोटो निघतात हजारो आणि उरत नाहीत. मोबाइल पाण्यात पडला, बदलला, पासवर्ड विसरला, की पाच वर्षांचे घर एका क्षणात पुसले जाते. पेटीतली निगेटिव्ह निदान कुणी उघडेपर्यंत तिथे पडून राहते. हा आक्षेप मला पूर्ण पटतो. मात्र त्यातून फिल्मकडे परत जावे असे निघत नाही. मळवलीकडे जावे असे निघते. डिजिटलने टिपण्याचा खर्च जवळजवळ संपवला, त्या नादात आपण प्रत काढणेच सोडून दिले. मळवलीचा तो छापखाना 1972 मध्ये आगीत नष्ट झाला, तरी तिथली चित्रे देशभरच्या भिंतींवर शिल्लक राहिली, कारण ती एका जागी नव्हती. तेव्हा रोजच्या फोटोंसाठी डिजिटलच घ्या, मोबाइल असला तरी पुरे. पण दिवाळीपूर्वी वर्षातले वीस-पंचवीस फोटो निवडून जवळच्या लॅबमधून त्यांच्या प्रिंट काढा, मागे पेन्सिलीने माणसांची नावे, गाव आणि साल लिहा, आणि एक संच दुसऱ्या गावच्या भावंडांकडे ठेवायला द्या.