गॅस, मेगर आणि आमची संघटना

मी सांगलीत फ्रिज दुरुस्तीच्या कामाला लागलो तेव्हा ही विद्या उस्तादाच्या मर्जीवर होती. गॅस भरायची वेळ आली की पोराला चहा आणायला धाडायचे. गोदरेजने १९५८ साली फ्रिज बनवायला घेतले, पुढे केल्व्हिनेटर, ऑल्विन घरोघरी पोचले आणि गल्लीबोळांत मेकॅनिक वाढले. पण शिकवणारं कुणी नव्हतं. भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर हाच आमचा व्हॅक्यूम पंप. लिकेज शोधायला साबणाचा फेस, नाहीतर हॅलाइड टॉर्च: निळी ज्योत हिरवी झाली की गॅस तिथून जातोय. सक्शनची नळी हाताला गार लागली की चार्जिंग पुरे. उरलेला आर-१२ सरळ हवेत सोडायचा. त्याला ना वास, ना आगीची भीती, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्याच गॅसमुळे ओझोनचा थर विरतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं. १९८७ चा मॉन्ट्रिऑल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला. आमच्यापर्यंत मात्र फक्त अफवा आली: गॅस बंद होणार, धंदा बसणार.

आमची संघटना मुळात मजुरीचे दर ठरवायला आणि उधारी बुडवणाऱ्यांचा बंदोबस्त करायला निघालेली. तिने या भीतीपायी वर्ग सुरू केले, आणि माझ्या मते आमच्या धंद्याचा खरा इतिहास तिथून सुरू होतो. स्विस आणि जर्मन मदतीने देशात मेकॅनिकांची प्रशिक्षणं सुरू झाली होती. तिथे शिकून आलेल्यांनी परतल्यावर सुट्टीच्या दिवशी बाकीच्यांना शिकवायचं, असं ठरलं. जुन्या उस्तादांना ते रुचलं नाही. पोटावर पाय येईल, असं ते उघड बोलले. तरी त्यातलेच काही मागच्या बाकावर येऊन बसू लागले.

शिकण्यासारखं खूप होतं. आर-१२ च्या जागी आलेल्या आर-१३४ए साठी कॉम्प्रेसरमधलं तेलच वेगळं; ते हवेतला ओलावा झटकन शोषतं, म्हणून भंगारातला पंप चालेना, खरा व्हॅक्यूम पंप घ्यावा लागला. मग आर-६००ए आला, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. लहान फ्रिजमध्ये आर-१२ शे-सव्वाशे ग्रॅम जायचा, याचा पन्नासच्या आतबाहेर. इथे हाताचा अंदाज कामाचा नाही, वजनकाटाच हवा. आत गॅस असताना नळीजवळ टॉर्च पेटवायचा नाही, हे पोरांकडून पहिल्याच दिवशी घोकून घेतलं जाई. २०१० उजाडलं तेव्हा, दम्याच्या पंपांपुरती सवलत सोडली तर, आर-१२ चा जमाना संपला होता. धंदा मात्र बसला नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा नदी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर गेली. इशारा चाळिसाला, धोका पंचेचाळिसाला; यावरून अंदाज करा. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला फ्रिजचे ढीग लागले, आणि भंगारवाले मिळेल त्या भावात उचलू लागले. संघटनेने बैठक बोलावली, मजुरी घ्यायची नाही असं ठरवलं आणि गल्ल्या वाटून घेतल्या. पहिलं काम दुरुस्तीचं नव्हतंच. घराघरांत जाऊन सांगायचं होतं, "काकू, प्लग लावू नका. विकूही नका."

कारण कॉम्प्रेसरचं कवच वेल्डिंगने बंद असतं. नळ्या शाबूत असतील तर पुराचं पाणी आत शिरत नाही. मरतात ते बाहेरचे भाग: रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, जोडण्या. मागचा गाळ धुवायचा, टर्मिनल खरवडून स्वच्छ करायचे, फ्रिज उभाच उन्हात वाळवायचा, मग वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावायचा. काटा ठीक दिसला तर नवा रिले घालून चालू. जुन्या काचलोकरीच्या फ्रिजांत पाणी भिंतीत मुरतं, ते बहुतेक गेलेच. पण फोमवाले पुष्कळ वाचले, आणि ज्यांच्या घरात धान्याचा दाणाही कोरडा नव्हता त्यांचा नव्या फ्रिजचा खर्च टळला.

ही तपासणी तेव्हापासून वर्गात पक्की झाली. एक कॉम्प्रेसर मधोमध कापून टेबलावर ठेवलाय; नव्या पोराने आधी तो पाहायचा, टर्मिनल कुठून आत जातात ते बोटाने दाखवायचं, मगच मेगर हातात घ्यायचा. आता एसीत आर-२९० येतोय, म्हणजे प्रोपेन, तोही पेटणारा. त्याचा वर्ग आम्ही पावसाळ्याआधी घेणार आहोत. सभासद नसलात तरी या.