डायलिसिसचे तास आणि ताटातली भाकरी

डायलिसिसवरचे शोधनिबंध वाचायला घ्याल, तेव्हा एक समज वारंवार भेटेल: रक्तातला युरिया कमी, म्हणजे डायलिसिस चांगलं. इथे जरा थांबा. युरिया तयार होतो प्रथिनांपासून. रुग्णाचं जेवणच तुटलं, तरी युरिया कमीच येणार! एकच आकडा दोन उलट गोष्टी सांगू शकतो.

मार्च १९६० मध्ये सिअ‍ॅटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळीचा शंट वापरून नियमित डायलिसिस शक्य केलं. तेव्हाची सत्रं खूप लांब चालत. पुढे यंत्रं सुधारली आणि प्रश्न आला, वेळ किती कमी करता येईल? अमेरिकेतल्या मोठ्या सहकारी अभ्यासाचे निष्कर्ष १९८१ मध्ये छापून आले. त्यात दोन गोष्टी तपासल्या होत्या: युरियाची पातळी आणि सत्राची लांबी (अडीच ते साडेतीन तास विरुद्ध साडेचार ते पाच तास). युरियाचा परिणाम स्पष्ट दिसला. वेळेच्या परिणामाची पी-किंमत आली ०.०६. रूढ सीमा ०.०५ ची, म्हणून वेळ महत्त्वाची नाही असा अर्थ काढला गेला आणि तिथली सत्रं आखूड होत गेली.

लक्षात घ्या, ०.०६ म्हणजे 'परिणाम नाही' असं सिद्ध होत नाही. शिवाय पाठपुरावा फार तर वर्षभराचा होता, आणि कुपोषण तर हळूहळू शरीर पोखरतं.

त्याच काळात फ्रान्समधल्या तासँ या गावी आठवड्यातून तीनदा आठ-आठ तासांचं डायलिसिस चालूच होतं. तिथल्या बहुतेकांचा रक्तदाब औषधांशिवाय ताब्यात राहिला. मात्र तो एकाच केंद्राचा अनुभव होता, तुलनेसाठी गट नव्हता.

जास्त वेळाचा फायदा पोषणाला कसा होऊ शकतो? पाणी सावकाश निघतं, रक्तदाब कमी कोसळतो, नंतरचा थकवा कमी होतो, माणूस जेवू शकतो. फॉस्फेट पेशींतून हळू बाहेर येतं, म्हणून त्याला वेळच लागतो. ते नीट निघालं तर दूध-डाळीवरची बंधनं सैल करता येतात. पण २०१० पासून प्रसिद्ध झालेल्या, आठवड्यातून सहादा डायलिसिस देणाऱ्या चाचण्यांत फॉस्फेट घटलं तरी अल्ब्युमिन ठळकपणे वाढलं नाही. म्हणजे प्रश्न अजून सुटलेला नाही.

आता हा प्रश्न आपल्याकडे आणा. समजा, शिरूर किंवा दौंडचा ५० किलोंचा रुग्ण पुण्यातल्या केंद्रात येतो. एका बाजूचं अंतर सुमारे ७० किलोमीटर. त्याला रोज ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. शिवाय प्रत्येक सत्रात काही ग्रॅम अमिनो आम्लं वाहून जातात. दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि वाटीभर वरण यांतून मिळतात साधारण २० ग्रॅम. सकाळची गाडी पकडताना हे एक जेवण बुडालं, तर दिवसाचा तिसरा हिस्सा गेला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च निघेलही, पण बुडालेला रोज आणि प्रवासात गेलेला दिवस कोण भरून देणार?

म्हणून सत्र चाराचं पाच तास केलं आणि त्यापायी परतीची गाडी चुकली, तर पोषण सुधारेल की बिघडेल? असा अभ्यास आखाल तेव्हा युरिया आणि अल्ब्युमिन मोजाच. पण डायलिसिसच्या दिवशी घर किती वाजता सोडलं आणि पहिला घास किती वाजता खाल्ला, हेही विचारा. हे दोन रकाने तुमच्या प्रश्नावलीत आहेत का?