तुल्यबल काडतुसांचा इतिहास : .२६० रेमिंग्टन आणि ६.५ क्रीडमूर

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात ‘जे श्रेष्ठ होते, तेच टिकले’ असे विधान वारंवार केले जाते. जेथे दोन साधनांच्या गुणांत मोठी तफावत असते, तेथे हे विधान सहज पटते. परंतु दोन साधने जवळजवळ समान असताना एक सर्वत्र पसरते आणि दुसरे मागे पडते, तेव्हा त्याचे कारण कोठे शोधावे? लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी वापरली जाणारी .२६० रेमिंग्टन (१९९७) आणि ६.५ क्रीडमूर (२००७) ही दोन अमेरिकी काडतुसे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहेत. प्रस्तुत लेखात त्यांची तुलना त्यांच्या ऐतिहासिक पार्श्वभूमीसह करण्यात आली आहे.

क्रीडमूरचे मैदान आणि तीन गुणांचा निर्णय

‘क्रीडमूर’ हे नाव न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर १८७३ मध्ये सुरू झालेल्या नेमबाजीच्या मैदानाचे आहे. तेथे २६ सप्टेंबर १८७४ रोजी आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० आणि १००० यार्डांवरील सामना झाला. आयरिश नेमबाजांकडे तोंडाकडून भरण्याच्या रिग्बी रायफली होत्या, तर अमेरिकी संघाकडे मागून भरण्याच्या रेमिंग्टन आणि शार्प्स रायफली होत्या. अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी विजय मिळविला आणि मागून भरण्याच्या पद्धतीचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले, असे मानले गेले. मात्र एका आयरिश नेमबाजाची एक गोळी शेजारच्या लक्ष्याच्या मध्यभागी लागल्याने तिचे चार गुण मिळाले नव्हते. ते मिळाले असते तर निकाल उलटला असता. मागून भरण्याची पद्धत पुढे रूढ झाली ती तिच्या सोयीमुळे. तीन गुणांचा फरक हा तिच्या अचूकतेचा पुरावा नव्हे. निकाल आणि श्रेष्ठत्व यांची गल्लत कशी होते, हे या प्रसंगावरून दिसते.

साडेसहा मिलिमीटरची परंपरा

भारतीय वाचकाला ‘थ्री-नॉट-थ्री’ हे नाव परिचित आहे. काडतुसाचे नाव सामान्यतः नळीच्या व्यासावरून पडते. पण ते गोळीचा नेमका व्यास सांगतेच असे नाही. थ्री-नॉट-थ्रीची गोळी प्रत्यक्षात सुमारे ०.३११ इंच व्यासाची असते. त्याचप्रमाणे .२६० रेमिंग्टन आणि ६.५ क्रीडमूर ही नावे भिन्न भासली, तरी दोहोंतील गोळी एकाच, म्हणजे ०.२६४ इंच व्यासाची आहे.

या व्यासाची निवड नवी नव्हती. स्वीडन आणि नॉर्वे यांनी, ते एका राजसत्तेखाली असताना, १८९४ च्या सुमारास ६.५ × ५५ मिलिमीटरचे काडतूस स्वीकारले. बारीक व्यासाची लांब गोळी वाऱ्याला कमी बळी पडते आणि आपला वेग अधिक काळ राखते, हे त्याचे वैशिष्ट्य होते. वजन आणि व्यासाचा वर्ग यांचे गुणोत्तर पाहिल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. १४० ग्रेन वजनाच्या साडेसहा मिलिमीटर गोळीसाठी हे गुणोत्तर ०.२८७ येते. ०.३०८ इंच व्यासाच्या गोळीत तितकेच गुणोत्तर हवे असल्यास सुमारे १९० ग्रेन वजन लागते. वजन वाढले की खांद्यावर बसणारा धक्काही वाढतो.

तथापि स्वीडिश काडतूस लांब होते. गोळीसह त्याची लांबी सुमारे ८० मिलिमीटर भरते. दरम्यान, १९०६ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलेल्या .३०-०६ काडतुसाचे काम सुधारित दारूमुळे आखूड पुंगळीतही साधू लागले. त्यातून १९५२ मध्ये .३०८ विंचेस्टर बाजारात आले आणि त्याच्याशी जवळचे नाते असलेले ७.६२ × ५१ मिलिमीटरचे काडतूस १९५४ मध्ये ‘नाटो’चे प्रमाण काडतूस ठरले. पुढील अनेक रायफली या आखूड मापाभोवती रचल्या गेल्या. त्यांच्या मॅगझिनमध्ये सुमारे ७१ ते ७२ मिलिमीटर लांबीचेच काडतूस बसते. पुढील काडतुसांचे भवितव्य या मर्यादेने बरेचसे ठरविले.

दोन काडतुसांची तुलना

.३०८ ची पुंगळी मानेपाशी आवळून तीत साडेसहा मिलिमीटरची गोळी बसविण्याचे प्रयोग हौशी नेमबाज पूर्वीपासून करीत होते. रेमिंग्टन कंपनीने १९९७ मध्ये त्याच रचनेला .२६० रेमिंग्टन या नावाने अधिकृत रूप दिले. दहा वर्षांनी नेब्रास्का राज्यातील हॉर्नडी कंपनीने .३० टी.सी. या आखूड पुंगळीवरून ६.५ क्रीडमूर तयार केले.

.२६० ची पुंगळी ५१.७ मिलिमीटर लांब असून काडतुसाची कमाल लांबी ७१.१ मिलिमीटर आहे. क्रीडमूरसाठी हीच मापे अनुक्रमे ४८.८ आणि ७१.८ मिलिमीटर आहेत. म्हणजेच पुंगळीबाहेर गोळीसाठी .२६० मध्ये सुमारे १९.४, तर क्रीडमूरमध्ये सुमारे २३ मिलिमीटर जागा उरते. निमुळती, लांब गोळी .२६० मध्ये बसवायची तर ती पुंगळीत खोल दाबावी लागते आणि तितकी दारूची जागा कमी होते. त्यामुळे .२६० ची किंचित अधिक असलेली धारणक्षमता मॅगझिनच्या मर्यादेत बरीचशी निष्प्रभ ठरते. पुंगळीच्या खांद्याचा कोन .२६० मध्ये २० अंश, तर क्रीडमूरमध्ये ३० अंश आहे.

इतके असूनही प्रत्यक्ष कामगिरीतील फरक अल्प आहे. १४० ग्रेनची गोळी दोन्ही काडतुसे सेकंदाला सुमारे २,७०० ते २,७५० फूट वेगाने सोडू शकतात. गोळी आणि वेग समान असल्यास हवेतील तिचा मार्गही समानच राहतो. ती कोणत्या पुंगळीतून सुटली याचा त्याच्याशी संबंध उरत नाही.

पुनर्भरणाची परंपरा

मग फरक कोठे पडला? याचे एक उत्तर अमेरिकेतील पुनर्भरणाच्या परंपरेत आहे. १८६६ मध्ये इंग्लंडमध्ये बॉक्सर आणि अमेरिकेत बर्डन यांनी पेटवणीच्या टोपीच्या दोन भिन्न रचना केल्या. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत मधोमध एकच छिद्र असल्याने वापरलेली टोपी साध्या खिळीने ढकलून काढता येते. बर्डन पद्धतीत मधला भाग ऐरणीसारखा उंच आणि छिद्रे बाजूस असल्याने हे काम जिकिरीचे होते. योगायोग असा की, इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. परिणामी अमेरिकेत रिकामी पुंगळी पुन्हा भरण्याचा घरगुती व्यवसंग बहरला. स्वतः हॉर्नडी कंपनीचा प्रारंभ १९४९ मध्ये अशा नेमबाजांसाठी गोळ्या बनविण्यातून झाला होता.

.२६० मुख्यतः शिकाऱ्यांपुढे मांडले गेले. त्याच्या सुरुवातीच्या रायफलींतील आट्यांचा पीळ नऊ इंचांत एक वेढा असा, म्हणजे लांब गोळीला स्थिर करण्यास काहीसा मंद होता. स्पर्धेसाठी नेमबाजाला बहुधा काडतूस स्वतःच भरावे लागे. क्रीडमूरची आखणी आरंभापासून स्पर्धकासाठी होती. पीळ आठ इंचांत एक वेढा असा ठरला. तयार काडतुसे स्पर्धेच्या दर्जाची होती. आणि सुरुवातीच्या खोक्यांवर त्यातील दारूचा प्रकार व प्रमाण छापलेले असे. विकत घेणारा आणि स्वतः भरणारा, अशा दोन्ही प्रकारच्या नेमबाजांना एकच आरंभबिंदू मिळाला.

या निष्कर्षाला लष्करी चाचण्यांनीही दुजोरा दिला. अमेरिकेच्या विशेष मोहिमा कमांडने २०१७ मध्ये दोन्ही काडतुसांची परीक्षा घेतली. नाटोच्या काडतुसापेक्षा दोन्ही सरस, परंतु परस्परांशी अचूकतेत व विश्वासार्हतेत तुल्यबळ ठरली. २०१८ मध्ये निवड झाली ती क्रीडमूरची. कारण त्यात पुढील विकासास अधिक वाव आहे असे मानले गेले.

निष्कर्ष

१. .२६० रेमिंग्टनची पीछेहाट हा गोळीच्या उड्डाणशास्त्राचा निकाल नव्हता.

२. काडतूस ही सुटी वस्तू नसून पुंगळी, गोळी, नळीचा पीळ, मॅगझिन आणि उपलब्ध माहिती यांची ती संयुक्त व्यवस्था आहे. क्रीडमूरमध्ये हे घटक एकाच वेळी जुळविले गेले.

३. तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराने विजयी साधनाला मागाहून श्रेष्ठत्व बहाल करण्यापूर्वी पराभूत साधनाची मापे तपासून पाहणे आवश्यक आहे. १८७४ मध्ये तीन गुणांवरून काढलेले अनुमान आणि आज दोन काडतुसांच्या खपावरून काढले जाणारे अनुमान यांतील दोष एकच आहे.