दुधी काचेपासून लाइव्ह व्ह्यूपर्यंत

कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र आधी नीट पाहायचे आणि मग फोटो काढायचा, ही सोय डिजिटल कॅमेऱ्याने आणली असे पुष्कळांना वाटते. खरे तर फोटोग्राफीची सुरुवातच तशी झाली. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. त्या काळच्या पेटीवजा कॅमेऱ्यांना मागे दुधी काच असे. लेन्समधून आलेले चित्र तिच्यावर पडे, तेही उलटे, डोके खाली आणि पाय वर! पुढे फोटोग्राफर डोक्यावर काळे कापड घेऊन, हातात भिंग धरून ते निरखू लागले. रेघा स्वच्छ दिसल्या की काच बाजूला करायची आणि नेमक्या त्याच जागी प्लेट बसवायची. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. तिथल्या मंडळींचीही रीत हीच.

सगळे मर्म 'नेमक्या त्याच जागी' या शब्दांत आहे. जिथे चित्र उमटणार, तिथेच ते पाहायचे.

तरी एक मेख होतीच. तेव्हाच्या प्लेटवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम जास्त होई. आपल्या डोळ्याला पिवळा-हिरवा अधिक उजळ दिसतो. साध्या लेन्समधून हे रंग वेगवेगळ्या अंतरांवर एकवटतात. त्यामुळे काचेवर स्वच्छ दिसलेला चेहरा प्लेटवर पुसट येई. लंडनमध्ये स्टुडिओ चालवणाऱ्या आंत्वान क्लोदे यांनी १८४०च्या दशकात या फरकाचा कसून अभ्यास केला. डोळ्याला दिसते आणि प्लेटला दिसते, ते एकच असेल असे नाही, हा धडा तेव्हाचा.

पुढे घाई आली. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकामध्ये फिल्म होती, दुधी काच नव्हती. अंतर अंदाजाने ठरवून आकड्यावर लावायचे. १९३२च्या लायकात रेंजफाइंडर आला. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. मग आरशाचे एसएलआर कॅमेरे आले. १९५९चा निकॉन एफ त्यांतला नावाजलेला. लेन्समधून आलेला प्रकाश आरसा वरच्या काचेकडे पाठवतो आणि आपण ती काच पाहतो. पण चित्र उमटते आरशामागच्या फिल्मवर! दोन्ही अंतरे तंतोतंत सारखी हवीत. आरसा केसभर हलला तरी डोळ्याला स्वच्छ दिसलेले फोटोत पुसट येते. थोडक्यात, वेग मिळाला, पण पाहायची जागा बदलली.

ती जागा परत मिळाली ती आकाश न्याहाळणाऱ्यांच्या निमित्ताने, असे म्हणायला हरकत नाही. कॅननने २००५ साली त्यांच्यासाठी ईओएस २०डीए काढला. आरसा वर उचलून, सेन्सरवरचे चित्र मागच्या पडद्यावर मोठे करून ताऱ्याचा ठिपका बारीक करता येई. २००६ साली ऑलिंपसचा ई-३३० आला, त्यातही दहापट मोठे करून पाहायची सोय होती. यालाच लाइव्ह व्ह्यू म्हणतात. २००८च्या पॅनासॉनिक जी१ने तर आरसाच काढून टाकला. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी आपण पुन्हा दुधी काचेशी आलो. आता ती काचच चित्र टिपते.

हे सारे मला का महत्त्वाचे वाटते ते सांगतो. आजोबांच्या दप्तरात मोडीतल्या पावत्या आणि पत्रे आहेत. शाई फिकी झाली आहे, घड्यांवर कागद तुटू लागला आहे. जुन्या हिशेबात रुपयांपुढची एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन रेघा म्हणजे आठ. फोटो जरा पुसट आला की दोनाची एक होते, आणि मूळ कागद गेल्यावर विचारायचे कोणाला? ऑटोफोकसला कागदाची ठसठशीत घडी सापडते, फिकी रेघ सापडत नाही. म्हणून कॅमेरा स्टँडवर ठेवतो, लेन्स मॅन्युअलवर घेतो, छिद्र पूर्ण उघडतो, पडद्यावर ती रेघ दहापट मोठी करतो आणि फोकसचे कडे फिरवतो. रेघ स्वच्छ होते, किंचित पुढे गेले की पुन्हा विरघळते. मग मागे यायचे. तंबोऱ्याचा मणी खाली-वर सरकवून सूर गाठतात ना, तसेच. मग छिद्र लहान करायचे, म्हणजे कागदाचा उंचसखलपणाही सांभाळला जातो, आणि हात न लावता टायमरवर फोटो काढायचा. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर लहानशा व्ह्यूफाइंडरमध्ये डोकावणे मला जमत नाही. मोठ्या पडद्यावर जमते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी दप्तरे आहेत. पुतण्या-भाच्यांनो, फोनने घाईत काढलेला फोटो पुरेसा समजू नका. काढल्यावर तो मोठा करा आणि रेघा मोजा. कमी भरल्या तर कागद हाताशी आहे तोवर पुन्हा काढा.